गांडूळवाल्यांचं दीड पानी उत्तर

"या खेपेला पेपर छापून येणार म्हणजे येणारच!" गांडूळवाले बायकोला म्हणाले आणि म्हणता म्हणता त्यांना जांभई आली. येणारच हो, हेच वाक्य ते चौथ्यांदा म्हणत होते!

सहा वर्षं गांडुळांवर दिव्याचा उजेड टाकून ती कशी पळतात हे बघत बसल्यामुळे संस्थेत त्यांचं हे नाव पडलं होतं. तीन जर्नलांनी पेपर साभार परत केला. चौथ्यानं निदान दुरुस्त्या तरी मागवल्या. छापला तर बढती; नाहीतर निवृत्तीपर्यंत जिन्याखालची तीच खोली, जिथं ताठ उभं राहिलं की डोकं आपटतं.

पण पेपर तपासायला जर्नलनं नेमलेला परीक्षक क्रमांक दोन! त्या गृहस्थानं एकोणतीस शंका काढल्या होत्या.

"अक्कल गहाण टाकलीय का यानं?" गांडूळवाले कळवळले.

"अहो, आधी मनातलं लिहून मोकळे व्हा. मग सभ्य उत्तर लिहा," बायको म्हणाली. तिचा सल्ला नेहमी चांगला असतो, घात होतो तो पुढं!

त्यांनी दोन उत्तरं लिहिली. मनातलं दीड पान. सभ्य बावीस पानं, दर शंकेखाली "आपल्या मौलिक सूचनेबद्दल आम्ही ऋणी आहोत". एका फाइलचं नाव 'अंतिम', दुसरीचं 'अंतिम नवं'. मग पेंगत पेंगत एक पाठवून दिली.

"बघू तरी काय पाठवलंत," दुसऱ्या दिवशी बायकोनं फाइल उघडली. "अगं बाई! सुरुवातच 'अरे गाढवा'नं?"

 घाईघाईनं गांडूळवाल्यांनी माफीचं पत्र लिहिलं, खरी फाइल जोडली, संस्थेच्या संचालकांनाही प्रत धाडली. जोडली ती फाइल पुन्हा तीच!

संचालक जिन्याखाली वाकून आले. "गाढव कोण? मी तर नाही ना?"

"नाही हो साहेब, परीक्षक!"

"मग ठीक," म्हणाले, पण जाताना टेबलावरचा बढतीचा अर्ज सोबत घेऊन गेले.

तीन आठवडे गेले. मग परीक्षक दोनचं उत्तर आलं: "पेपर तीनदा वाचून काही कळलं नव्हतं. हे पत्र वाचून प्रथमच कळलं, की दमलेलं गांडूळ उजेडातही हलत नाही. सबंध पेपर याच भाषेत लिहा, मी मान्यता देतो. शिव्या तेवढ्या वगळा."

"मग अडलंय कुठं? वगळा!" बायको आनंदानं ओरडली.

ते एकेक शिवी खोडत बसले. संध्याकाळपर्यंत दीड पानातली एकच ओळ उरली. सहा वर्षांची एक ओळ! रडायचंही त्राण नव्हतं. ते तिथंच सतरंजीवर आडवे झाले.

"अहो, अंधार झाला. दिवा लावू का? डोळ्यांवर येईल, जरा तिकडे सरका."

"लाव," गांडूळवाले म्हणाले. "मी काही हलत नाही."