कु. मैत्रेयी गुप्ते विषयनिवड समिती

सेरंगूनच्या संजीव गुप्त्यांच्या मुलीने डॉक्टर व्हायचं ठरवलं आहे, याची आमच्या सिंगापुरातल्या मराठी वर्तुळाने रीतसर दखल घेतली होती. मागच्या गणपतीत 'भावी डॉक्टर' म्हणून शाल-श्रीफळ देऊन तिचा सत्कारही आम्ही उरकून घेतला. आता फक्त डॉक्टर होणं तेवढं बाकी होतं.

त्यासाठी ज्युनिअर कॉलेजात विषय निवडायचे होते. मेडिकलला केमिस्ट्री लागतेच. तिच्या जोडीला बायोलॉजी किंवा फिजिक्स, दोहोंपैकी एक. मैत्रेयी म्हणाली, बायोलॉजी. लहानपणी आई मासे साफ करायला बसली की ही पोर शेजारी बसून माशाचं हृदय शोधायची. तेव्हा प्रश्न तिथेच मिटायला हवा होता.

पण संजीव बँकेत जोखीम व्यवस्थापन खात्यात मोठ्या हुद्द्यावर आहे. एकट्याने निर्णय घेणं तिथे गुन्हा समजतात. शिवाय आम्ही पडलो मराठी माणसं. समिती नेमली गेली. अध्यक्ष संजीव, सदस्य बुओना व्हिस्टाचे आयटीवाले सारंग आणि अकाउंटंट अनघाताई, चिटणीस अस्मादिक. आमच्यात डॉक्टर एकही नव्हता, त्यामुळे पूर्वग्रहाला वाव नव्हता.

पहिली बैठक ईस्ट कोस्टच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या छपराखालच्या खाऊगल्लीत झाली.

"बायोलॉजी घेतली आणि मेडिकलला नंबर नाही लागला तर?" सारंगने विचारलं. "फिजिक्स असलं की इंजिनिअरिंग तरी हातात राहतं."

"म्हणजे डॉक्टर होण्यासाठी फिजिक्सच बरं," संजीवने निष्कर्ष काढला.

"बट बाबा, आय लाइक बायो," मैत्रेयी म्हणाली.

"आवडीचा मुद्दा पुढच्या बैठकीत घेऊ," मी म्हणालो. चिटणिसाला विषयपत्रिका सांभाळावी लागते.

पुढची बैठक गुप्त्यांच्या फ्लॅटवर, मिसळीसोबत. आवडीचा मुद्दा यायच्या आत अनघाताईंनी तोंड उघडलं.

"इंजिनिअर होऊन तरी काय दिवे लावणार? रोज कुठे ना कुठे माणसं कमी करतायत. मॅथ्स आणि इकॉनॉमिक्स असू दे. बँका कुठे जात नाहीत."

हे ऐकून संजीवचा ऊर भरून आला.

"मग कम्प्युटिंगही घ्या," सारंग पाव तोडत म्हणाला. "बँकेत आता निम्मे आमचेच लोक आहेत."

फिजिक्स, मॅथ्स, इकॉनॉमिक्स, कम्प्युटिंग. चार विषय झाले, आणि कॉलेजात चारच घेता येतात. सर्वांनी एकमेकांचं अभिनंदन केलं. तेवढ्यात सुरेखावहिनी तर्री घेऊन आल्या. त्या मैत्रेयीची आई असल्याने समितीवर नव्हत्या.

"अहो, आणि केमिस्ट्री?"

मिसळीवरचे चमचे थांबले. पण संजीवने उगाच हुद्दा मिळवलेला नाही.

"केमिस्ट्री कधी कामाला येणार? मेडिकल मिळालं तर. इंजिनिअरिंग, बँक, आयटी, यातलं काहीही झालं तरी तिच्यावाचून अडणार नाही. एका शक्यतेसाठी अख्खा विषय अडकवून ठेवायचा? यालाच जोखीम म्हणतात, सुरेखा."

"बाबा, विदाउट केम आय कान्ट इव्हन अप्लाय फॉर मेडिसिन, लाह!"

"तेच तर! अर्जच करायचा नाही म्हटल्यावर नकाराची भीती कुठे उरली?"

एवढा बिनतोड मुद्दा समितीने आजवर ऐकला नव्हता. ठराव एकमताने संमत झाला.

"देन आय बिकम व्हॉट?" मैत्रेयीने विचारलं.

"सेफ, बाळा," सारंग म्हणाला.

संजीव शेजारी उभा होता. मैत्रेयीने लॅपटॉपवर चारही विषय भरले आणि बटण दाबलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदाने येतं असं कधी कधी; मी इतिवृत्तात तशीच नोंद केली.

मग रीतीप्रमाणे आभारप्रदर्शन झालं. सत्काराची शाल परत घ्यावी काय, असा एक उपप्रश्न निघाला. पण समिती इतकी कोत्या मनाची नाही. इथल्या उकाड्यात शाल तशीही कुणाच्या कामाची नसते.

सुरेखावहिनी हल्ली मासे एकट्याच साफ करतात. मैत्रेयी आपल्या खोलीत बसून इकॉनॉमिक्स वाचते. तिच्या अभ्यासावर संजीव खूश आहे.

समिती सध्या मोकळी आहे. हे वाचता वाचता मैत्रेयीने काय घ्यायला हवं होतं, ते तुम्हीही मनातल्या मनात ठरवून टाकलं असेल. म्हणजे सदस्य व्हायला तुम्ही पात्र आहात. घरात कुणी दहावीला असेल तर शनिवारी जरूर या. येताना मार्क तेवढे घेऊन या. मुलाला आणायची गरज नाही.