माळकरी नानांचा बांगडा

आमचे शेजारी वामननाना हॉटेलात शिरले की टेबलाकडे न वळता थेट भटारखान्यात जातात. रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून जन्म घालवलेला माणूस. बंद दार दिसलं की त्यांना राहवत नाही. चुलीशी उभं राहून, तिकीट मागावं त्या आवाजात विचारतात, "हाई काय शे? बठ्ठं सांगा." धुळ्याकडचं गाव सोडून भुसावळात चाळीस वर्षं झाली, पण कुतूहल जागं झालं की नाना अहिराणीवर येतात आणि 'सगळं'चं 'बठ्ठं' होतं.

एकदा फैजपूरच्या वाटेवर एका ढाबेवाल्याने सांगितलं, भरताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजलीत. नाना म्हणाले, "काड्या दाखवा." बिचाऱ्याला शेवटी गॅस दाखवावा लागला. नानांनी भरीत चाटूनपुसून खाल्लं आणि खिशातल्या वहीत शेरा मारला : विनातिकीट.

हेच नाना गेल्या हिवाळ्यात मला म्हणाले, "भाऊ, वेंगुर्ल्याले जाऊ. मासा खावाना शे."

मी उडालोच. नाना पक्के माळकरी. त्यांच्या घरात अंडंसुद्धा येत नाही.

"पण नाना, खाणार कोण?"

"तू. मी लिखस."

खरं कारण बसमध्ये कळलं. वहिनी मूळच्या वेंगुर्ल्याच्या. वडिलांची रेल्वेत बदली झाली म्हणून भुसावळला आल्या, नानांशी लग्न झालं आणि माळकऱ्यांच्या घरात मासा सुटला तो सुटलाच. त्याबद्दल त्या कधी चकार शब्द बोलल्या नाहीत. बऱ्याच वर्षांपूर्वी नानांनीच बाजारातून बर्फातले बांगडे आणले आणि परसात विटांची चूल मांडून त्यांचं तिखलं, म्हणजे कोकणातला तिखट-आंबट रस्सा, रांधलं. वहिनी म्हणायच्या, माहेरी बांगड्याचं तिखलं म्हणजे जीव की प्राण. त्या दिवशी त्यांनी ताट स्वच्छ केलं आणि म्हणाल्या, "छान झालंय."

"पन ती बठ्ठाले छानच म्हनस," नाना म्हणाले. "आनी माले ते चाखता येत नई. आते एकदा खरं तिखलं तिना ताटमा पडाले पाहिजे."

वहिनींना का आणलं नाही, असं मी विचारलं. तिकडे आता आपलं कुणी उरलं नाही, म्हणून त्यांनीच यायचं टाळलं होतं. शिवाय त्या आल्या तर काय होईल, याची नानांना दुसरीच धास्ती होती. "ती उनी तर तठे बी छानच म्हनी."

म्हणजे मला नेलं होतं ते केवळ जीभ म्हणून. चार दिवस मी बांगडा खात होतो आणि शेजारी नाना सोलकढी-भात पुढ्यात घेऊन जबानी घेत होते. आधी तिखट लागलं की आंबट? रस्सा बोटाला चिकटतो की ओघळतो? तिसऱ्या दिवशी मी चुकून "छान आहे" म्हणालो, तर नाना असे खवळले की विचारू नका.

त्याच दिवशी आम्ही एका म्हाताऱ्या बाईंच्या घरगुती खानावळीत गेलो. नाना नेहमीप्रमाणे चुलीपाशी. त्यांनी विचारलं, "मावशी, कांदा-खोबरं किती काळं भाजता?"

मावशी हसल्या. "तिखल्यात काय एक भाजूचा नसता हो."

"कांदा तरी?"

"कांदो पन नाय. वासाक तिरफळा घाला, आंबटाक सोलां घाला, झाला."

नानांचं पेन थांबलं. आमच्या खानदेशात कांदा-खोबरं काळं होईस्तोवर भाजल्याशिवाय रस्सा म्हणत नाहीत. नानांनीही तेच केलं होतं. ते बाहेर येऊन ओट्यावर बसले. मग म्हणाले, "मी तिले कोळसा खावाडा, भाऊ. आनी ती छान म्हननी."

चाळीस वर्षं तिकीट तपासून या माणसाला आपल्याच घरातलं खोटं 'छान' ओळखता आलं नव्हतं, आणि ते त्याला फार लागलं होतं.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी परसात पुन्हा विटांची चूल मांडली गेली. जाळायला कपाशीच्या काड्या. त्यावर तडजोड नाही. वही उघडी ठेवून नानांनी मावशींच्या पद्धतीने तिखलं केलं आणि माझ्या तळहातावर रस्सा टाकला. इतक्या बांगड्यांनंतर माझी जीभ भरवशाची राहिली नव्हती, तरी मी मान डोलावली.

वहिनी मागच्या पायरीवर ताट घेऊन बसल्या. पहिला घास घेतला आणि थांबल्या. तिरफळ दाताखाली आलं असावं. दुसरा घास घेतला. नाना समोर उभे होते, हातात पळी तशीच.

"कसं शे?"

वहिनींनी काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला आणि मान वर न करता म्हणाल्या, "मीठ वायच कमी पडलां."

वीस वर्षांच्या शेजारात त्यांच्या तोंडून ही बोली मी पहिल्यांदा ऐकली. नाना आत पळाले ते मिठाची बरणीच घेऊन आले. तोवर वहिनींनी रिकामं ताट पुढे केलं होतं.

नाना माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "छान नई म्हननी ती." आणि चिमूटभर मीठ घालून दुसरा बांगडा वाढायला बसले.