लशीच्या डब्यातला इलेक्ट्रॉन

आपलं प्लॅनिंग म्हंजे प्लॅनिंग! कुणी बोट ठिवून दाखवावं!

मी अजिनाथ. अंबाजोगाईला एका कॉलेजात पीएचडी करतोय. एका प्रोटीनात लोखंड, दुसऱ्यात तांबं. आठ महिने खपून दोघांची गाठ मारली. आता ह्यातून त्यात इलेक्ट्रॉन किती वेळात उडी मारतो, ते मोजायचं. मशीन संभाजीनगरला. नंबर लागला उद्या सकाळी दहाचा. हुकला की गेला वर्षभर! माल केवढा? एक नळी, चमचाभर लाल पाणी. पण बर्फातच पाहिजे, न्हाईतर त्याचं उकडलेलं अंडं होतंय.

थर्मास विकत घ्यायला मी काय येडा हाय? जनावराच्या दवाखान्यातल्या दोस्ताकडून लशीचा निळा डबा आणला. वर गायीचं चित्र. फुकटात काम!

केजला जीप बदलायला उतरलो, तर पुढ्यात एक गडी बैल घेऊन उभा. सटवा त्याचं नाव.

"सायब, टोचा."

"काय टोचू?"

"लस वो! परवा टोळी निघती ऊस तोडायला. टोचल्याबिगर बैलाला कारखान्यावर घेत न्हाईत."

"मामा, मी डॉक्टर न्हाई. अजून शिकतोय."

"चालतंय. आमचा बैल गरीब हाय."

"अवो, ह्यात लस न्हाई! ह्यातला इलेक्ट्रॉन एका प्रोटीनातून दुसऱ्यात जातो..."

"कुठूनबी जाऊ द्या, शेवटी बैलात गेला म्हंजे झालं!"

दहा मिनिटांत चाळीस बैलांची लाइन! "ए बंकट, मधी घुसू नको बे!" म्हणून भांडणं! कुणीतरी भगवानरावांना फोन लावला. पुढारीच ते! हार, नारळ अन् फोटोवाल्यासकट हजर.

"ही लस मी वर भांडून आणली!" त्यांनी भाषणच ठोकलं.

मी सटवाला समजावत होतो, बैल माझी बाही चाटत होता. तेवढ्यात बंकटनं हातात गिलास दिला. "घ्या सायब, लिंबू सरबत." उन्हानं जीव चाललेला. गटागटा पिलो.

"लई थंड हाय की! बर्फ कुठून आणला?"

"तुमच्याच डब्यातला. समद्यांना पुरला बगा!"

वळून बघतो तर नळी भगवानरावांच्या मुठीत, ऊन झेलत! फोटोवाला ओरडतोय, "साहेब, अजून वर! डोळे मिटले, परत एकदा!"

तेवढ्यात खरे डॉक्टर आले. लाइन तिकडं पळाली. जाताना सटवानं माझ्याकडं असं बघितलं, जसं मीच त्याला फसवलं!

तरी गेलो संभाजीनगरला. मशीनवरच्या तेजश्री मॅडमनी नळी हलवली. तळाला फाटलेल्या दुधागत चोथा.

"ह्यात काय मोजू?"

मी डबा उचलला अन् निघालो.

परत आलो तर माझ्या गाईड सरांनी पेपर पुढ्यात टाकला. हा मोठा फोटो! खाली लिहिलेलं: 'लसीकरणाचा शुभारंभ करताना डावीकडून भगवानराव, सटवा यांचा बैल व इतर.'

इतर म्हंजे मी.