आपोआप फिरणारं खुरपं

मी दीपमाला. पाच वर्षं पुण्याच्या कंपनीत कॉम्प्युटरवर मशीनचे पार्ट काढले, आता आर्णीत स्वतःचं डिझाइनचं दुकान टाकलंय. अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात माझ्यासारखं डिझाइन कोणी काढून दाखवावं, पैज! बाबांना मात्र हे काही पटत नव्हतं. "पोळ्यापर्यंत एक ऑर्डर आन. नाई तं शटर पाड अन् जा पुण्याले वापस!"

मग काय, लॅपटॉप घेऊन गेले धनीबाईंच्या बचत गटात. वावरातलं तण निंदून निंदून त्या बायकांच्या कंबरा गेलेल्या. त्यांच्यासाठी मी उभ्यानं ढकलायचं खुरपं काढलं होतं. लांब दांडा, खाली पातं, बस! सगळ्या बाजू दिसाव्यात म्हणून स्क्रीनवर ते गरागरा फिरवलं.

धनीबाईंचे डोळे विस्फारले. "अवो माय! हे तं आपल्या मनानं फिरते!"

"हाव ना! पाहा चारी बाजूंनी!" मी ऐटीत म्हटलं.

"चाळीस घेतो आमी! पन शुक्रवारी वावरात चालवून दाखव."

मी रस्ताभर पेढे वाटत घरी आले. गुरुवारी सकाळी धनीबाईंचा फोन. "पोरी, बाजूच्या गावच्या बायकाही येऊन राह्यल्या. सरपंच नारळ आननार हायेत. आपोआप फिरनारं खुरपं पाहाले!"

दुकानाला लागूनच गफ्फारचाचांचं वेल्डिंगचं वर्कशॉप. तिथं धावले. "चाचा, मेले मी! स्क्रीनवर चित्र फिरत होतं वो, खुरपं नाही!"

चाचांनी चष्मा कपाळावर चढवला. "रोती कायकू बेटी? उनको घुमनेवाला होना ना? तो घुमा!"

"कसं?"

"आगे दातेवाला चाक लगा. ढकेला तो घुमेगा. पूछ तेरे कॉम्प्युटर को."

विचारलं! तासाभरात बारा दात्यांचं चाक काढलं, चाचांच्या कटिंग मशीनला फाइल दिली, मशीननं पत्रा कापला, चाचांनी दांडा, पातं अन् चाक जोडून दिलं. मागच्या अंगणात ढकलून पाहिलं, तर आमच्या काळ्या मातीनं चाकाचा पार लाडू करून टाकला! चाचा खो खो हसले. मी परत कॉम्प्युटरवर. चार दाते उडवले, उरलेल्यांना बाक दिला, पुन्हा कापलं. आता माती चिकटेना!

शुक्रवारी वावरात ही गर्दी! धनीबाईंनी पदर खोचला अन् दिला धक्का. चाक फिरलं! कपाशीच्या ओळींमधलं तण उपटत, भुसभुशीत माती उडवत खुरपं निघालं ते थेट वावराच्या टोकाला, धुऱ्यापर्यंत. तिकडून धनीबाई ओरडल्या, "कंबर वाकलीच नाई वो माही!" बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. अन् पुढं होऊन सरपंचांच्या हातातला नारळ कोणी फोडला असेल? आमच्या बाबांनी! "पोट्टी कोनाची हाय!" म्हणत त्यांनी खोबरं वाटलं. मला रडूच आलं हो आनंदानं.

चाळीसची ऑर्डर पक्की! त्याच जोशात मी बांधावर लॅपटॉप उघडला. खुरपी जोडायची कशी, हे चाचांना समजावं म्हणून एक चलचित्र केलं होतं: सगळे पार्ट सुटे होऊन हवेत पांगतात, अन् परत आपापल्या जागी येऊन बसतात. पाठीमागून धनीबाई डोकावून राह्यल्या, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

"अवो माय! फुटलं तरी आपल्या मनानं जुळते!"

उद्या सकाळी सरपंच दुसरा नारळ घेऊन येणार आहेत. अन् गफ्फारचाचा माझा फोन उचलून नाही राह्यले.