मधल्या खोलीतली झोप

बापूसाहेबांनी रविवारी दुपारी घरात झोपायचं जाहीर केलं, तेव्हा सौदामिनीबाईंनी हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"घरात म्हणजे, घरातच ना?"

"मधल्या खोलीत. दार लावून," बापूसाहेब म्हणाले. आवाज ठाम होता, पण सांगताना त्यांनी एकदा छताकडे बघून घेतलं.

भूकंपाला दुसरं वर्ष सरत आलं होतं. सुरुवातीला सगळं लातूर उघड्यावर झोपायचं. मग एकेक घर आत गेलं. बापूसाहेबांचं कुटुंब मात्र अजून अंगणातल्या पत्र्याच्या शेडात होतं. कोणी विचारलंच तर ते म्हणत, "शेडात हवा चांगली लागते." जून महिन्यात पत्र्याखाली कसली हवा लागते, हे कुठल्याही लातूरकराला समजावून सांगायला नको. बरं, गृहस्थ बांधकाम खात्यात वरिष्ठ लिपिक. लोकांच्या घरांना 'राहण्यास योग्य' असा शेरा देणाऱ्या फायली रोज त्यांच्याच टेबलावरून जायच्या. वरच्या मजल्यावर देगलूर-धर्माबादहून क्लाससाठी आलेली भाडेकरू पोरं स्लॅबखाली खुशाल घोरायची आणि घरमालक खाली पत्र्याखाली घाम पुसत कूस बदलायचे.

हे असंच चालायचं, पण पालकसभा आडवी आली. समोरच्या तीन मजली क्लासचे चंद्रप्पा सर माईक हातात धरून म्हणाले होते, "पोरांनाच ध्येय कशाला? घरातल्या प्रत्येकानं एक ठराव करा. त्याच्या पायऱ्या पाडा. एकेक पायरी चढा." सौदामिनीबाईंनी तिथल्या तिथे सांगून टाकलं, "मला ठराव नको. माझं सगळं बरं हाय." मनस्विनीचं तसं नव्हतं. पोरगी हुशार, बारावीत होती, पण पेपर हातात पडला की घाबरायची आणि अर्ध्यातून उठून घरी यायची. गेल्या दोन चाचण्या तशाच गेल्या. परवा तर ती म्हणाली होती, "बाबा, माझं नाव काढून टाका क्लासातून. माझ्यानं होत न्हाई."

त्या रात्री बापलेकीचा करार झाला. तिने घंटा होईपर्यंत पेपरावरून उठायचं नाही आणि त्यांनी घरात झोपून दाखवायचं. "तुम्ही उठलात तर मी बी उठणार," ती म्हणाली, "आणि मग मला क्लासला जा म्हणायचं न्हाई." बापूसाहेब हो म्हणून बसले.

पायऱ्या ठरल्या. पहिल्या रविवारी मधल्या खोलीत चहा झाला. दुसऱ्या रविवारी जेवण झालं, जरा घाईत झालं, पण झालं. तिसऱ्या रविवारी झोप. त्याच दुपारी मनस्विनीची चाचणी होती. ती निघताना फक्त म्हणाली, "बाबा, दार लावून हां."

बापूसाहेबांनी दार लावलं. मात्र एक खबरदारी घेतली. भूकंपानंतर गावात घरोघरी रात्री भांड्यांची उतरंड रचायची रीत पडली होती. जमीन हलली की भांडी पडणार, भांडी पडली की माणसं पळणार. त्यांनी भिंतीवरच्या फळीवर घागर ठेवली, घागरीवर तांब्या, तांब्यावर पेला आणि पेल्यात झाडून सगळे चमचे. मग ते लुंगी-बनियनवर आडवे झाले, रामरक्षा म्हणू लागले, आणि खरोखर डोळा लागत आला.

ती भिंत सामाईक होती. पलीकडे मकसूदभाईंचा गादी कारखाना. क्लास वाढले तशी गावात बाहेरची पोरं वाढली आणि पोरं वाढली तशा गाद्याही. हाताने कापूस पिंजून पुरेना, म्हणून मकसूदभाईंनी हिवाळ्यात विजेवरचं पिंजण यंत्र आणलं होतं. त्यांची सुट्टी शुक्रवारी. रविवारी दुपारचा नमाज आणि जेवण उरकून त्यांनी बटण दाबलं.

आधी चमचे किणकिणले. बापूसाहेबांनी डोळे उघडले. मग पेला सरकला, तांब्या कलंडला आणि सगळी उतरंड धडाधड फरशीवर आली.

दार कसं उघडलं, अंगण कधी ओलांडलं, हे त्यांना नंतरही आठवलं नाही. एका हाताने लुंगी धरून ते गल्लीत उभे होते आणि ओरडत होते, "भूकंप! बाहेर या, भूकंप!"

बांधकाम खात्यातला माणूस सांगतोय म्हटल्यावर शंका कोण घेणार? शेडातून सौदामिनीबाई पिठाच्या हाताने धावल्या. वरची भाडेकरू पोरं जिना सोडून कठड्यावरून उतरली. समोरच्या क्लासातून शे-दोनशे पोरं पेन हातात धरून लोंढ्याने बाहेर पडली आणि त्यांच्या मागोमाग चंद्रप्पा सर. मकसूदभाई अंगभर कापूस घेऊन पळत आले.

"साहेब, लई मोठा हाय का?"

"भिंतीला हात लावून बघा," बापूसाहेब म्हणाले.

मकसूदभाईंनी कंपाउंडला हात लावला आणि झटक्याने काढून घेतला. "या अल्लाह. अजून हलून राहिलंय."

मग ज्याने त्याने हात लावून पाहिला. हलत होतंच. यंत्र आत चालू होतं आणि ते बंद करायला ज्याने कारखान्याच्या स्लॅबखाली जायचं तो मालकच भूकंप थांबायची वाट बघत बाहेर उभा होता.

जरा दम खाल्ल्यावर बापूसाहेबांच्या लक्षात आलं. आपण उठलो, तेही अख्ख्या गल्लीसमोर. करार मोडला. आता पोरगी क्लास सोडणार आणि तिला एक शब्दही बोलायला आपल्याला तोंड राहिलं नाही. त्यांनी पोरांच्या गर्दीत तिला शोधलं. ती नव्हती.

"मनू कुठाय?" सौदामिनीबाईंनी विचारलं. "सर, आमची मनू?"

चंद्रप्पा सरांनी वरच्या मजल्याकडे पाहिलं.

बापूसाहेब पळाले ते सरळ त्या इमारतीत. मागून सौदामिनीबाई हाका मारत होत्या. पायऱ्या चढताना डोक्यावर किती स्लॅब आहेत, हे त्यांच्या मनातही आलं नाही. हॉलमध्ये रिकाम्या बाकांच्या रांगा होत्या आणि मधोमध मनस्विनी एकटी खाली मान घालून लिहीत होती.

"मने, ऊठ. भूकंप हाय."

"भूकंप न्हाई, बाबा. मकसूद चाचांची मशीन हाय. मी रोज त्या खोलीत अभ्यासाला बसते, रोज भिंत हलती." तिने मान वर केली नाही. "लुंगी नीट करा."

बापूसाहेबांनी लुंगी नीट केली. "मग आधी सांगितलं का न्हाईस?"

"तुम्ही आत आलात ते चहा-जेवणापुरते, तेबी घाईत. सांगू कुणाला?"

"पण मी उठलो की गं. आपलं ठरलं होतं."

"दिसलात खिडकीतून. मी बी अर्धी उठले होते." तिने पान उलटलं. "मग म्हणलं, बाबा पळाले तर पळू दे. माझं गणित सुटत आलंय. घंटा व्हायचीय अजून. तुम्ही मागं बसा आणि बोलू नका."

ते शेवटच्या बाकावर बसले. आतून इतकं हलकं वाटत होतं की त्यांना हसू आलं. पोरगी उठली नव्हती. कोणाच्याही सांगण्यावरून उठली नव्हती, बापाच्याही नाही. त्यांनी सवयीने वर स्लॅबकडे पाहिलं. त्याच्यावर अजून एक मजला होता. असू दे, असं त्यांना वाटलं. पंख्याचा वारा येत होता. पेनाची कुरकुर ऐकत त्यांनी बाकावर डोकं टेकलं.

पुढचं मनस्विनीने त्यांना नंतर सांगितलं. गल्लीत लाइट गेली आणि भूकंप थांबला. मकसूदभाईंच्या डोक्यात प्रकाश पडला आणि ते हळूच कारखान्यात शिरले. पोरं कुरकुरत वर परतली. चंद्रप्पा सर दारातच थांबले.

"हे कोण?"

"माझे बाबा, सर."

"झोपलेत?"

"हाव, सर. त्यांचा ठराव होता."

सरांनी तोंडावर बोट ठेवलं आणि त्या दिवशी घंटा न वाजवता हातानेच खूण करून पेपर गोळा केले.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर बापूसाहेबांनी शेडातली आपली गादी गुंडाळली आणि खाकोटीला मारली. मनस्विनी उशा घेऊन पुढे गेलीसुद्धा. सौदामिनीबाई मात्र खाटेवरून हलल्या नाहीत.

"चल की," बापूसाहेब म्हणाले. "इतके दिवस म्हणत होतीस, तुमच्यापायी मी बाहेर झोपून राहिले."

"तुम्ही व्हा पुढं." त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "मी इथंच बरी हाय."

"का गं?"

सौदामिनीबाईंनी घराच्या छताकडे एकदा बघून घेतलं.

"शेडात हवा चांगली लागती."

बापूसाहेबांनी गादी परत खाली ठेवली, आत जाऊन स्वतः स्टोव्ह पेटवला, आणि थोड्या वेळाने मधल्या खोलीच्या उंबऱ्याशी दोन कप घेऊन उभे राहिले.

"झोपेचं राहू दे," ते म्हणाले. "आधी चहा. एक पाय बाहेर असला तरी चालंल."