बेचाळीस सेंटीमीटरची बोट, पन्नास लिटर हवा

ब्रश बाजूला ठेवायचा आणि एअरब्रश घ्यायचा, एवढंच बारीकरावांनी ठरवलं होतं. याहून मोठे निर्णय घेऊनही माणसं सुखरूप राहतात.

बारीकराव हे त्यांचं ऑफिसातलं नाव. देहाने ते मुळीच बारीक नव्हते. नोंदणी कार्यालयात हेडक्लार्क असल्यामुळे दिवसभर प्रत्येक अर्ज भिंगाखाली धरायचे आणि घरी आलं की त्याच भिंगाखाली प्लास्टिकची जहाजं जोडत बसायचे. (भिंग ऑफिसचं की घरचं, याची चौकशी अजून कोणी केलेली नाही.)

या वेळचं काम मात्र खास होतं. रविवारी सासऱ्यांचा पंच्याहत्तरावा वाढदिवस होता. सासरे एकतीस वर्षं बंदरात टगवर मेकॅनिक होते. टग म्हणजे मोठाल्या जहाजांना ओढून धक्क्याला लावणारी ठेंगणी, दणकट बोट. लग्नाला बावीस वर्षं झाली तरी जावयाबद्दल त्यांचं एकच मत होतं, "माणूस चांगला आहे, पण त्याच्या हातात पाना देऊ नका." म्हणून बारीकरावांनी सासऱ्यांच्या भिंतीवरच्या जुन्या फोटोवरून त्याच टगची प्रतिकृती चार महिने खपून तयार केली होती. लांबी बेचाळीस सेंटीमीटर. कठड्याच्या सळ्यासुद्धा मोजून लावल्या होत्या. राहिला होता फक्त रंग, आणि ब्रशने दिलेला काळा रंग घाईत पॉलिश केलेल्या बुटासारखा दिसत होता.

एअरब्रश म्हणजे रंग फवारणारी पेनाएवढी पिचकारी. तिला हवा लागते आणि हवेला कॉम्प्रेसर. बारीकरावांनी तीन आठवडे व्हिडिओ पाहिले, वही भरली आणि एके दिवशी जेवताना बायकोला सगळं समजावून सांगितलं.

"टाकी नसली ना, की हवा धापा टाकत येते. रंग एकसारखा बसत नाही. टाकी हवीच."

"मग टाकीवाला घ्या."

"पण टाकी किती मोठी, हा प्रश्न आहे."

बायको दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर होती. ती म्हणाली, "आमच्या डॉक्टरांकडे आहे ना, तसला छोटा घ्या. शेजारच्या खोलीत चालू असतो तरी पेशंटना पत्ता लागत नाही."

"दात वेगळे आणि बोट वेगळी," बारीकराव म्हणाले. नवऱ्याने तीन आठवडे अभ्यास केल्यावर बायकोने तीन सेकंदांत बरोबर उत्तर द्यावं, हे त्यांना रुचलं नाही.

खरं तर दुकानाच्या दारापर्यंत तेही छोटाच घेणार होते. वहीत तसं लिहून, खाली दोन रेघा मारलेल्या होत्या. पण काउंटरवर दोन गॅरेजवाले उभे होते. दोघांचे दंड बारीकरावांच्या मांडीएवढे, आणि दोघेही वाट पाहता पाहता त्यांचंच बोलणं ऐकत होते.

"कशासाठी हवाय?" दुकानदाराने विचारलं.

"रंगकामाला."

"काय रंगवायचंय?"

"बोट," बारीकराव म्हणाले. ते खोटं नव्हतं.

दोघा गॅरेजवाल्यांनी आदराने वळून पाहिलं. त्या नजरेनेच घात केला. तशी नजर बारीकरावांच्या वाट्याला ऑफिसात कधी आली नव्हती.

"लाकडी की लोखंडी?"

"प्लास्टिक."

"फायबरची म्हणा. मग हा छोटा काय करणार? याने फुगे भरायचे. तुम्ही पन्नास लिटरचा न्या."

आता "बोट माझ्या कोपरापासून बोटांपर्यंतच्या लांबीची आहे" असं सांगायला हवं होतं. बारीकरावांनी तोंडही उघडलं. तेवढ्यात एक गॅरेजवाला म्हणाला, "साहेब, घेताय तर दणकटच घ्या. आम्ही हाच वापरतो." आणि बारीकराव अनुभवी माणसासारखी मान डोलवत म्हणाले, "हो, मीही तेच म्हणणार होतो."

कॉम्प्रेसरला दोन चाकं आणि एक दांडा होता. तो टेम्पोतून आला आणि दोन माणसांनी तो वर चढवला. बायकोने दार उघडलं.

"हे काय, पाण्याचा पंप?"

"कॉम्प्रेसर."

"आणि डॉक्टरांसारखा छोटा?"

"संपले होते," बारीकराव म्हणाले. (हे मात्र खोटं होतं.)

वाढदिवस बारीकरावांच्याच घरी व्हायचा होता आणि पाहुणे संध्याकाळी येणार होते. रविवारी सकाळी दहाला बारीकरावांनी धूड बाथरूममध्ये ढकललं, बोट स्टुलावर ठेवली, पाइप जोडला, एअरब्रशच्या वाटीत काळा रंग भरला आणि बटण दाबलं.

आवाजाचं वर्णन करण्यात अर्थ नाही. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका दुसऱ्या मिनिटाला दारात होत्या एवढं पुरे.

"भिंत पाडताय का?" त्यांनी ओरडून विचारलं.

"नाही, बोट रंगवतोय!" आतून बारीकराव ओरडले.

"बोट? मग नखं पार्लरमध्ये रंगवून मिळतात की!"

त्यांना बायकोने समजावून वाटेला लावलं. इकडे टाकी भरली आणि मशीन आपोआप थांबलं. दाब कमी करायला एक फिरकी होती. किती कमी, तेही वहीत होतं. आता, नळ उजवीकडे फिरवला की बंद होतो, हे लहान मूलही जाणतं. बारीकरावांनी फिरकी उजवीकडे, अगदी शेवटपर्यंत फिरवली. कॉम्प्रेसरची फिरकी नेमकी उलटी असते, उजवीकडे फिरवली की दाब वाढतो, हे कळायला पुढचा व्हिडिओ पाहायला हवा होता. टाकीतला आणि पाइपातला दाब दाखवणारे दोन काटे होते, ते दोन्ही एकाच आकड्यावर येऊन थांबले. दोघांचं एकमत झालेलं पाहून बारीकरावांना बरं वाटलं.

त्यांनी एअरब्रश उचलला, श्वास रोखला आणि पाइपची चावी उघडली.

पाइप एअरब्रशपासून फटकन सुटला. सुटला तो सापासारखा बाथरूमभर नाचला. रंगाची वाटी छताला लागून खाली आली. आरसा, फरशा, टॉवेल, बारीकरावांचा चष्मा, सगळ्यांना काळे ठिपके समान वाटले गेले. बोट स्टुलावरून उडाली, बादलीच्या कडेला आपटली आणि आत पडली. बादली कोरडी होती, एवढंच नशीब.

बायको धावत आली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने बादलीकडे पाहिलं.

"लागलं का?" तिने विचारलं.

बारीकरावांनी चावी बंद केली आणि बोट बाहेर काढली. धुरांड्याला बाक आला होता, कठडा एका बाजूने चेपला होता आणि एक अंग ठिपक्यांनी भरलं होतं. चार महिने! बायकोने ओला नॅपकिन त्यांच्या हातात दिला. बावीस वर्षांत तिने "मी सांगत होते" हे वाक्य न उच्चारण्याचा हा पहिलाच प्रसंग.

आणि बेल वाजली. सासऱ्यांना लवकरची बस मिळाली होती.

रंगाचा वास घेत ते थेट बाथरूमच्या दारात आले. काळ्या ठिपक्यांचा जावई बोट पोटाशी धरून उभा होता.

"बाबा, वाढदिवसाच्या... ही तुमची... म्हणजे झाली होती तशी..." बारीकरावांनी बोट पुढे केली.

सासऱ्यांनी बोट हातात घेतली. चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ नेली. मग केबिनखालच्या छोट्या दारावर त्यांनी नख टेकवलं.

"इथे मी उभा असायचो. हवा खायला." थोडं थांबून म्हणाले, "आणि ही काजळी. अश्शीच बसायची. धुरांडंही दुसऱ्या वर्षीच धक्क्याला घासून वाकलं होतं, फोटो त्याच्या आधीचा आहे. तुम्हाला हे कोणी सांगितलं?"

बारीकरावांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने डोळ्यांनीच सांगितलं, गप्प बसा.

"थोडी चौकशी केली," बारीकराव म्हणाले.

"कमाल आहे," सासरे म्हणाले. बावीस वर्षांत पहिल्यांदा! बारीकरावांची छाती फुगायला लागली. पण तेवढ्यात सासऱ्यांची नजर त्यांच्या मागे गेली आणि त्यांनी बोट लेकीच्या हातात ठेवली.

"अरे वा! हाही माझ्यासाठीच?"

त्यानंतर बाथरूममधून ते जेवायलाच बाहेर आले. फिरकी कोणत्या गाढवाने उलटी फिरवली, हे त्यांनी दोनदा विचारलं. संध्याकाळी पाहुण्यांना कॉम्प्रेसर चालवून दाखवण्यात आला. (मुख्याध्यापिकाबाईंनाही बोलावलं होतं, त्या आल्या नाहीत.) रात्री टेम्पो पुन्हा आला आणि धूड सासऱ्यांबरोबर गेलं. टाकीवर, टॉवेलात गुंडाळून, बोट बांधली होती.

आठवड्याने सासऱ्यांचा फोन आला. फाटक रंगवून झालं होतं, शेजाऱ्यांच्या खिडक्या झाल्या होत्या, आता एकाची मोटरसायकल रंगवणं चालू होतं.

"जावईबापू, यापुढे मशीन कोणतं घ्यायचं ते तुम्हीच ठरवत जा. फारच उत्तम निवड," ते म्हणाले. बारीकरावांनी बायकोला ऐकू जावं म्हणून फोन स्पीकरवर टाकला. "फक्त एक करा. दुकानातून परस्पर माझ्याकडेच पाठवत जा."