आधार समितीचा पहिला लाभार्थी

रजेवर जाणे कुणालाही एकट्याने जमते. परत येण्यासाठी समिती लागते. वर्तकनगरातल्या एका वाचनालयाने हे वेळीच ओळखले आणि 'पुनरागत कर्मचारी आधार समिती' स्थापन केली. नियमावली लिहिण्याचे काम हरिहररावांकडे आले (अक्षर चांगले आणि नकार देता येत नाही, अशी दुहेरी पात्रता). त्यांनी ती इतक्या कळवळ्याने लिहिली, की लिहितालिहिता त्यांना स्वतःलाच बरे वाटेनासे झाले. पुढे त्यांची बायपास झाली आणि समितीला पहिला लाभार्थी मिळाला.

हरिहरराव पुस्तके देण्याघेण्याच्या टेबलावर बसत. टेबल मध्ये असले की त्यांना माणसांशी बोलता येई. ते नसेल तर काय बोलावे, हे त्यांना जन्मात सुचले नव्हते. म्हणून डॉक्टरांनी परवानगी देताच ते धावत, म्हणजे बेताबेतानेच, कामावर आले. टेबलावर त्यांच्या जागी तरुण सहकारी योगिनी बसली होती.

"काका, तुम्ही काही उचलू नका हं," ती म्हणाली. "मी आहे ना!"

नियम तीन: लाभार्थ्यास वजन उचलू देऊ नये. मराठी कादंबरी हे वजनच असल्याने त्यांच्या हाती कवितासंग्रह देण्यात आले. नियम पाच: मनावर ताण येऊ देऊ नये. तेव्हा कवितासंग्रहही काढून घेण्यात आले. नियम सात: एकटे वाटू देऊ नये. हा शिपाई कमलेशने मनापासून पाळला.

"काका, माझ्या आत्याचे सासरे, डोंबिवलीचे. सेम तुमचंच ऑपरेशन. एकदम ठणठणीत घरी आलेले."

"मग?"

"मग काय... तुम्ही शहाळं प्या."

समितीच्या अहवालानुसार शंभर टक्के लाभार्थी समाधानी होते (लाभार्थी एक, तक्रार करायला तो लाजतो).

अखेर टेबल परत मिळवायचेच, असे ठरवून हरिहररावांनी भर बैठकीत शब्दकोशाचा जाडजूड खंड उचलला आणि वरच्या फळीवर ठेवला. अगदी व्यवस्थित ठेवला. पण त्या फळीवरची धूळ त्यांनीच 'उद्या पुसू' म्हणत वर्षानुवर्षे सांभाळली होती. असा काही ठसका लागला, की कमलेशने त्यांना मागून धरले आणि योगिनीने नियम तीन मोठ्याने वाचून दाखवला.

"काय सुंदर लिहिलंयत हो काका," तिने मध्येच दादही दिली.

"टेबलाचं आता मनातून काढा," अध्यक्षा कलावतीबाई मायेने म्हणाल्या. "योगिनीला जमलंय ते. तुम्ही समितीत या. अनुभवी माणूस हवाच आम्हाला."

हरिहररावांना 'नको' म्हणायचे होते. ते 'बरं' म्हणाले.

समितीपुढे आता अडचण एकच होती: बाकी कर्मचारी कमालीचे निरोगी निघाले. तेव्हा बऱ्याच दिवसांनी येणाऱ्या वाचकांनाही आधार द्यावा, असा ठराव झाला आणि हरिहररावांची खुर्ची दारापाशी गेली. टेबलाविना ते प्रथम अवघडले. मग त्यांना शोध लागला, की माणसाला फक्त "जरा उतरलेले दिसता" म्हटले, की तो थांबतो. जवळ बसतो. झोपेपासून पित्तापर्यंत सगळे सांगतो. इतकी माणसे त्यांच्याशी आयुष्यात कधी बोलली नव्हती.

तुम्हीही बरेच दिवस वाचनालयात गेला नसाल. जा. दारापाशी एक भिडस्त म्हातारा तुमच्याकडे काळजीने पाहील. तुम्हाला काहीही झालेले नाही, हे त्यालाही ठाऊक असेल. तरी घरी आल्यावर तुम्ही आरशासमोर उभे राहालच.

तिथवर तरी कशाला? आत्ताच गालावरून हात फिरवलात ना?